वाढत्या पोराचा पहिला सर्फबोर्ड: पेडणे तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी गोव्यातल्या मांद्रे-आश्वे-मोरजी पट्ट्यात सर्फबोर्ड दुरुस्तीचं काम करतो. सीझनमध्ये सर्फ स्कूलवाल्यांचे बोर्ड येतात, बाकी हरमलपासून मोरजीपर्यंत महिनोन् महिने राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे. लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक बोर्ड घेऊन झाल्यावर, म्हणजे फिन (बोर्डाखालचे पर) बसवायचा बॉक्स उखडला, नोज म्हणजे पुढचं टोक चेपलं, आतून पाणी ठिबकतंय असं काहीतरी झाल्यावर. या घरातले वडील मात्र घ्यायच्या आधी आले, आणि पुढे वर्षभर जे झालं ते बरंचसं माझ्यासमोरच झालं, म्हणून लिहून काढतोय. घरच्यांना विचारलंय, नाव-गाव देत नाही.

मुलगा आठवीतला. एप्रिलमध्ये साडेतेरा वर्षांचा, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ४३ किलो. वडलांचं हार्डवेअरचं दुकान, आई मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि आईच्या माहेरी पूर्वी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, होती त्यामुळे पोरगा मामाकडे जाऊन जाऊन लहानपणापासून पाण्यात वाढलेला. पोहायला येणं वेगळं आणि सर्फिंग वेगळं हे खरं, पण लाटेखाली गेल्यावर ज्याचा जीव घाबरा होत नाही त्याचं अर्धं शिक्षण झालेलं असतं. मामाचा मुलगा एका सर्फ स्कूलमध्ये काम करतो, त्याने दिवाळीच्या सुट्टीत याला ९ फुटी फोमच्या बोर्डवर घातलं आणि तिथून दर रविवारचं वेड लागलं. एप्रिलपर्यंत फुटलेल्या लाटेच्या फेसात तो आरामात उभा राहत होता. न फुटलेली लाट स्वतः पॅडल मारून पकडणं मात्र अजून जमत नव्हतं, मागून कोणीतरी ढकलायला लागायचं.

मोबाईलच्या वॉलपेपरवर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला गॅब्रिएल मेदिनाचा तो फोटो, ज्यात तो आणि त्याचा बोर्ड दोघंही हवेत सरळ उभे आहेत. तो फोटो ताहितीतल्या तेआहुपोचा, तिथे लाट खोल समुद्रातून येऊन एकदम उथळ प्रवाळाच्या खडकावर आदळते आणि पोकळ नळीसारखी वळते. आमच्या आश्वेला खाली वाळू, लाट हळू उभी राहते आणि मऊ फुटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक सकाळी गुडघ्याएवढी नाहीतर कमरेएवढी, मतलई वारा असतो तोवर पाणी गुळगुळीत आणि दुपारकडे खारा वारा लागला की सगळं खडबडीत. मार्चपासून लाट जरा अंग धरते. जून ते सप्टेंबर समुद्र बंदच समजा, लाल झेंडे लागतात, 'दृष्टी' कंपनीचे किनाऱ्यावरचे जीवरक्षक उतरू देत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे बोर्ड कोणता हा प्रश्न पोराकडे बघून अर्धा सुटतो आणि उरलेला पाण्याकडे बघून, आणि या घरात पाण्याकडे कोणी बघतच नव्हतं.

प्रश्न नेमका काय होता

मे महिना आला की इथे बोर्डांचा बाजार लागतो. सीझन संपवून घरी निघालेल्या पाहुण्यांना बोर्ड विमानातून न्यायचा नसतो, मग मिळेल त्या किमतीला काढतात. अशाच एकाचा ६ फुटी शॉर्टबोर्ड पोराच्या डोळ्यात भरला. टोकदार नोज, पांढराशुभ्र, तीन फिन, बॅग आणि लीश (बोर्ड घोट्याला बांधायचा दोर) यांच्यासकट ९ हजार. पोराचं म्हणणं, मी १५४ आहे, बोर्ड १८३ सेंटिमीटरचा, म्हणजे तो मला आत्ताच मोठा आहे, वाढलो की बरोबर बसेल.

वडलांचं डोकं दुसऱ्या टोकाला. ते म्हणाले, दरवर्षी पँट आखूड होते, चपला महिन्यात लहान होतात, तर घ्यायचाच असेल तर एकदाच ९ फुटी घेऊ, कॉलेजला जाईपर्यंत चालेल. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतो तसा. आई म्हणत होती घेऊच नका, भाड्याने वापरू दे, सहा महिन्यांत वेड उतरलं तर ती वस्तू पडवीत उभी करून तिला रोज नमस्कार करायचा का. आणि आजीला सगळ्यात साधी शंका, पोरगा तेवढाच राहणार आहे की काय, आधी त्याला वाढू तर द्या. आजीचं कोणी मनावर घेतलं नाही.

माझ्याकडे येऊन वडील मला एवढंच म्हणाले, "भाऊ, तू सांग. सहा की नऊ?"

उंचीचा घोळ

सगळे फुटात बोलत होते, पण नवशिक्याच्या बाबतीत मी पहिल्यांदा लिटर बघतो. बोर्डाचं एकूण आकारमान लिटरमध्ये असतं, बऱ्याच बोर्डांवर स्ट्रिंगरजवळ, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीजवळ, लिहिलेलंही असतं. जितके लिटर तितका तो तुम्हाला उचलून धरतो. आमच्याकडे धरतात तो अंदाज असा की नवशिक्याला निदान वजनाच्या किलोइतके लिटर हवेत, आणि आपल्यासारख्या मऊ लाटेत सव्वा ते दीडपट असले तर उत्तम, कारण लाटेत ढकलायचा जोर कमी असला की तो बोर्डाच्या फुगवट्यातून भरून काढावा लागतो. मुरलेले खेळाडू वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास लिटरवर फिरतात, पण त्यांचे दंड, त्यांचं टायमिंग आणि त्यांच्या लाटा, तिन्ही वेगळं.

४३ किलोच्या पोराला म्हणजे साधारण ५४ ते ६५ लिटर. तो ६ फुटी बोर्ड २६ लिटरचा होता. आणि ९ फुटी फोमचा शंभराच्या पुढे.

यात एक फसवी गोष्ट आहे. हलकं पोर २६ लिटरवर बुडत नाही, छान तरंगतं, पॅडलही मारतं, आणि बघणाऱ्या आईबापाला वाटतं जमतंय की. पण तरंगणं वेगळं आणि लाट पकडणं वेगळं. लाट खालून निघून जायच्या आत तिच्या वेगाला पोचावं लागतं, आणि आखूड, अरुंद, पुढून वर वळलेला बोर्ड मऊ लाटेत तो वेग देत नाही. मी त्या पाहुण्याला विचारून एका रविवारी पोराला तो बोर्ड तासभर दिला. एकही लाट मिळाली नाही. बाहेर आल्यावर म्हणतो, "काका, आज लाटच बारीक होती." त्याच लाटेवर बाजूला स्कूलच्या फोमवर पहिल्या दिवशी आलेले पर्यटक उभे राहत होते, ते त्याने बघितलं होतं, पण बोलला नाही.

समोर असलेले पर्याय

मे महिन्यात तरी पर्याय चार होते. शॉर्टबोर्ड घेणं. ९ फुटी फोमचा घेणं. मधला कुठला तरी ७ ते ८ फुटी फोमचा, ज्याला सॉफ्टटॉप म्हणतात, तो घेणं. किंवा काहीच न घेता भाड्यावर राहणं.

शॉर्टबोर्ड मी दुसऱ्या कारणानेही नको म्हणालो. बोर्ड उन्हात आडवा ठेवला आणि हातात घेऊन नीट बघितला. रेलवर, म्हणजे बाजूच्या गोल कडेवर, टाचणीच्या डोक्याएवढी चीर होती, तिला तोंड लावून ओढलं तर जिभेवर खारट पाणी आलं. म्हणजे आत उघडं आहे. टेलजवळ, म्हणजे मागच्या टोकाजवळ, जुनी दुरुस्ती, वरून बोटाच्या पेराने टकटक केलं तर आवाज पोकळ. बोर्ड इपॉक्सीचा, आतला फोम ईपीएस, थर्माकोलच्या जातीचा, आणि आधी कोणीतरी त्यावर साधं पॉलिएस्टर रेझिन ओतलेलं. ते रेझिन या फोमला खातं, वरून गुळगुळीत दिसतं आणि आत खड्डा पडलेला असतो. टेल उघडून नीट करायला तीन-चार हजार गेलेच असते. ज्याने आधी ती दुरुस्ती केली त्याला रेझिनमधला फरक माहीत नसेल असं धरून चालू, रागावण्यात अर्थ नाही. पण जुना हार्डबोर्ड, म्हणजे असा कडक कवचाचा बोर्ड, घेताना कोणीही या तीन गोष्टी स्वतः करू शकतो: चिरेवर तोंड, दुरुस्तीवर टकटक, आणि उन्हात अर्धा तास ठेवून कुठून थेंब येतो का ते बघणं.

९ फुटीचा निकाल वाळूवरच लागला. मामेभावाने स्कूलचा ९ फुटी आणला आणि पोराला सांगितलं, काखेत धर आणि त्या माडापर्यंत चालत जा. बोटं खालच्या कडेपर्यंत पोचेनात. डोक्यावर घेतला तर वाऱ्याने गरागरा फिरवला. पाण्यात आडवा झाला तर २४ इंच रुंदीमुळे दोन्ही हात पॅडल मारताना बोर्डाच्या कडेला घासत होते, दिवाळीपासून त्यावर काढल्यावर काखेखाली लाल पट्टे का उमटायचे ते तेव्हा कळलं. युनिफॉर्मची पँट मोठी असली तर दुमडता येते, बोर्डाची रुंदी दुमडता येत नाही. वडील हसले, पण नऊचा हट्ट तिथेच सुटला.

पहिला निर्णय: मे मध्ये घ्यायचा की थांबायचं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता, बोर्ड कोणता हा नंतरचा.

मे मध्ये घेण्याच्या बाजूने एकच मुद्दा, स्वस्त. मधल्या मापाचा एक सॉफ्टटॉपही तेव्हा आला होता, बरा होता. विरोधात मात्र हिशोब साधा आहे. बोर्ड घेतल्यावर तीन आठवड्यांत समुद्र बंद. मग चार महिने तो घरात, आणि घरात म्हणजे कुठे, तर माळ्यावर, जिथे मे अखेर कौलांखाली भट्टी असते आणि जूनपासून बुरशी. फोमचा बोर्ड असा तापला की वरचा थर फोडासारखा फुगतो, एकदा फुगला की नीट बसत नाही. आणि त्याच चार महिन्यांत पोरगा वाढणार. मुलग्यांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या आसपास, वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरही वाढते, आणि वजन तिच्या मागोमाग येतं. म्हणजे आपण मे मधल्या पोराला बोर्ड घेणार आणि वापरणार ऑक्टोबरमधला पोरगा.

वडील व्यापारी माणूस, त्यांनी उलट विचारलं, ऑक्टोबरमध्ये महाग पडणार नाही का? पडणार. सीझनच्या सुरुवातीला सगळ्यांनाच बोर्ड हवा असतो. पण चुकीचा बोर्ड स्वस्तात घेऊन परत विकण्यापेक्षा तो फरक कमी, आणि मे च्या उरलेल्या रविवारी स्कूलचा बोर्ड मामेभावाच्या ओळखीने मिळतच होता. थांबायचं ठरलं. आईला ती आपली जीत वाटली, वाटू दे.

पोराने जून महिना तोंड फुगवून काढला. तो पांढरा शॉर्टबोर्ड मोरजीतल्या कोणीतरी घेतला हे त्याला कळलं होतं.

पावसाळ्यात एक काम मात्र झालं. मामेभावाने त्याला पॉप-अपची सवय लावली, म्हणजे पालथं पडून एका दमात दोन्ही पायांवर उभं राहणं, घरात चटईवर, रोज संध्याकाळी. सुरुवातीला गुडघ्यावर यायचा आणि मग उभा राहायचा, ही खोड लागली की पाण्यात सुटत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत गुडघा टेकायचा बंद झाला. आजी म्हणायची हे कसले दंड-बैठका, पण बघत बसायची.

दुसरा निर्णय: माप

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत मोजलं. १५९ सेंटिमीटर, ४७ किलो. आता हिशोब पुढच्या दोन सीझनचा करायचा होता. पुढच्या वर्षी तो ५३-५५ च्या घरात असेल असं धरलं. साठ लिटरच्या आसपासचा बोर्ड आत्ता त्याला सव्वापटीहून थोडा जास्त पडतो आणि ५५ किलोला जवळजवळ बरोबरीला येतो. म्हणजे आत्ता सोपा, पुढच्या वर्षी जरा कष्टाचा, आणि तोवर त्याला येतही जास्त असेल. वाढत्या पोराला मी जागा ठेवतो ती अशी, लिटरमध्ये, आणि दोन सीझनचीच. चार वर्षांचा हिशोब कोणी करू नये, चार वर्षांत पोरगा दुसराच माणूस झालेला असतो.

मग एका सकाळी तीन सॉफ्टटॉप गोळा केले, ७ फूट, ७ फूट ६ इंच आणि ८ फूट. लाट कमरेएवढी, मतलई वारा, ओहोटी नुकतीच लागलेली. प्रत्येक बोर्डवर अर्धा तास. त्याची अकरा वर्षांची मामेबहीण काठावर बसून वाळूत रेघा मारत होती, ढकलल्याशिवाय पकडलेली आणि उभ्याने आलेली लाट तेवढीच मोजायची, पडला तर नाही. ती याबाबतीत फार कडक निघाली. ८ फुटीवर अकरा रेघा, ७ फूट ६ इंचवर नऊ, ७ फुटीवर चार.

नुसत्या रेघा बघितल्या तर ८ फूट जिंकला, आणि पुस्तकी सल्लाही तोच असतो, नवशिक्याला ८ फूट. मामेभावाचं मत तेच होतं. मी ७ फूट ६ इंच म्हणालो आणि आमची यावर तिथेच वाळूत बरीच खडाजंगी झाली. त्याचं म्हणणं, पहिल्या वर्षी लाटांची संख्या हेच सगळं, दोन लाटा अर्ध्या तासाला कमी म्हणजे सीझनभरात किती होतात बघ. बरोबरच होतं. माझं म्हणणं, आधी पोरगा पाण्यापर्यंत किती वेळा पोचणार ते बघ. वडील रविवारी दुकान उघडतात. पोराला मामाच्या घरापासून वाळूपर्यंत बोर्ड एकट्याने न्यायचाय, मध्ये माडाच्या बागेतली वाट आणि एक कुंपणाचं फाटक. ८ फुटी २३ इंच रुंद होता, काखेत येत नव्हता, कोणीतरी मागचं टोक धरायला लागत होतं. ७ फूट ६ इंचवाला २२ इंच, बोटं जेमतेम कडेला अडकत होती, पण अडकत होती, आणि हात तर वाढणारच होते. जो बोर्ड न्यायला मोठं माणूस लागतं तो फक्त मोठ्या माणसाच्या सुट्टीला पाण्यात जातो.

पाण्यातही एक फरक दिसला. फेस अंगावर आला की ८ फुटी त्याच्या हातातून सुटून मागे उडत होता, आणि मागे कोणी असेल तर ते बरं नाही. लीश असली तरी बोर्ड लीशच्या लांबीएवढा मागे जातोच. ७ फूट ६ इंच तो उलटा करून खाली धरून ठेवू शकत होता. हे बघून मामेभाऊ थोडा नरमला, पटलं असं अजूनही म्हणत नाही.

तिसरा निर्णय: नवा की जुना

नवा पंचवीस हजारांच्या घरात जात होता. जुने दोन मिळाले, दोन्ही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, दोन वेगवेगळ्या शॅकवाल्यांकडे. दिसायला पहिला चकाचक आणि दुसऱ्याचा खालचा प्लास्टिकचा थर एका कडेला सुटलेला. घरच्यांचा कौल अर्थातच पहिल्याला.

इथे वडलांच्या दुकानाचा उपयोग झाला. त्यांनी लटकवायचा डिजिटल काटा आणला, बोर्डाला दोरीचे दोन फास घालून माडाच्या खोडाला अडकवलेल्या हुकावर दोन्ही वजन केले. चकाचक ८ किलो १०० ग्रॅम, कडा सुटलेला ६ किलो २००. सारख्याच मापाच्या दोन बोर्डांत जवळपास दोन किलोंचा फरक म्हणजे ते आत शिरलेलं पाणीच, दुसरं काय असणार. चकाचकच्या फिनच्या स्क्रूची भोकं दाबली तर बुडबुडा आला. फोमचा बोर्ड आतून भिजला की सुकवायला महिने जातात आणि पूर्ण सुकतोच असं नाही. सुटलेली कडा मात्र अर्ध्या दिवसाचं काम, घासायची, चिकटवायची, क्लॅम्प लावून ठेवायची. साडेदहा हजारांत तो घेतला.

वर दोन गोष्टी नव्या घ्यायला लावल्या. फिन मऊ प्लास्टिकच्या, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त लागतं ते स्वतःच्याच बोर्डाच्या फिनने. आणि लीश, बोर्डाच्या लांबीएवढी, पण घोट्याचा पट्टा लहान मापाचा. मोठ्यांचा पट्टा बारीक घोट्यावर गोल फिरतो, दोर पायाच्या पुढे येतो आणि उभं राहताना पोर त्यातच अडकतं. हे बारीक वाटतं, पण "तोल जातो" म्हणून येणाऱ्या निम्म्या पोरांचा पट्टा ढिला असतो.

पुढे काय झालं

नोव्हेंबर-डिसेंबर भरभरून गेले. रविवार तर होतेच, सुट्टीत जवळपास रोज पहाटे, आणि घरचा नियम एकच, मामेभाऊ पाण्यात असेल तरच उतरायचं आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पोहण्याच्या जागेत बोर्ड न्यायचा नाही. ओहोटीला खाडीच्या तोंडाजवळ जायचं नाही हे वेगळं सांगावं लागलं नाही, रापणीच्या घरातल्याला ते पाळण्यातच कळतं. नाताळपर्यंत तो न फुटलेली लाट स्वतः पकडून तिच्या तोंडावरून तिरका जात होता.

जानेवारीनंतर मात्र अडकला. सरळ आणि तिरका छान जायचा, वळायचं म्हटलं की बोर्ड ऐकेना. यातला काही भाग बोर्डाचाच, मऊ फिन वाकतात, जाड रेल पाण्यात बसत नाही, म्हणून पाय ताठ ठेवून वरूनच अंग पिळायची सवय लागते. सोपा बोर्ड देण्याची ही किंमत आहे, आणि ती मोजावी लागते असं मी तरी मानतो. आम्ही फेब्रुवारीत मधली आणि बाजूच्या फिन काढून तिथे कडक फिन बसवल्या, तोवर बोर्डावर ताबा आला होता. फरक पहिल्याच दिवशी पडला. वळण पुरतं आलं असं नाही, पण मागचा पाय टेलवर न्यायला लागला.

एप्रिलमध्ये १६४ सेंटिमीटर, ५२ किलो. ५३-५५ चा अंदाज एखाद्या किलोवर आलाय. बोर्ड अजून चालतोय. बोर्डाचा दुसरा ग्राहक मात्र कोणाच्याच हिशोबात नव्हता. रेघा मारणारी ती मामेबहीण दुपारी तो पडलेला बघून पाण्यात न्यायला लागली. तिचं वजन ३५ किलो, तिला तो बोर्ड म्हणजे तराफाच, आणि वळण तिला याच्याआधी आलं. हलक्या अंगाला मोठ्या बोर्डवर मागे-पुढे चालत जागा बदलावी लागते, ती चालायला शिकली, हा ताठ उभा राहायला. आता घरात वेगळं भांडण आहे, बोर्ड कोणाचा.

वेगळं काय करता आलं असतं

ट्रायल एकाच सकाळी झाली, एकाच लाटेत. निदान एक सकाळ गुडघ्याएवढ्या लाटेत घ्यायला हवी होती, कारण हिवाळाभर त्याला तसंच पाणी मिळालं आणि त्या पाण्यात ८ फुटी नक्कीच पुढे गेला असता. निर्णय बदलला असता का? मामाचं घर वाळूजवळ नसतं, किंवा वडलांच्या गाडीवर कॅरिअर असतं आणि रविवार मोकळा असता, तर मीही ८ फुटीलाच हो म्हणालो असतो.

कडक फिनकडे डिसेंबरमध्येच जायला हरकत नव्हती. आम्ही तारीख बघत होतो, बघायला हवं होतं ते पोराकडे: फेस आला की बोर्ड हातातून सुटतो का, हा एकच प्रश्न. सुटायचा बंद झाला की मऊ फिनचं काम संपलं.

शॉर्टबोर्डचा हट्ट मोडताना त्याला "पुढे बघू" असं सांगितलं गेलं, त्याऐवजी अट सांगितली असती तर जून एवढा जड गेला नसता. अट आता ठरली आहे. दहा लाटांपैकी सात स्वतः पकडायच्या आणि दोन्ही बाजूंना वळून दाखवायचं, मग ६ फूट १० इंच ते ७ फुटांचा, ४२-४५ लिटरचा हार्डबोर्ड बघू, ६ फुटी अजूनही नाही. डाव्या बाजूला तो वळतो. उजवीकडे अजून पडतो.

पैशाचं म्हणाल तर बोर्ड, फिनचे दोन सेट, लीश आणि कडेची दुरुस्ती धरून सोळा हजारांच्या आत झालं. परत विकला तर सहा-सात येतील, सॉफ्टटॉपची किंमत भराभर पडते. वडलांनी विकायचा विचार काढून टाकलाय, मामाकडून अर्धे पैसे घेतले आणि बोर्ड पोरीच्या नावावर केला. यंदा जूनच्या आधी तो माझ्याकडे येणार आहे, वरचा थर नोजजवळ थोडा सुटलाय, आणि पावसाळाभर माझ्याच शेडमध्ये आडवा राहील, माळ्यावर नाही.